मुरगळलेला घोटा: पहिल्या पाच मिनिटांपासून पुन्हा धावेपर्यंत

मुरगळलेला पाय घेऊन लोक माझ्याकडे फिजिओथेरपीला येतात, तेव्हा बहुतेक वेळा तिसरा-चौथा दिवस उजाडलेला असतो. घोटा तेलाने चकचकीत, कातडीवर हळदीचे पिवळे डाग, क्रेप बँडेजच्या कडेचा खोल वळ आणि त्या वळाच्या पुढे टम्म फुगलेली बोटं. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "चांगलं चोळून घेतलं, गरम पाण्याचा शेक दिला, तरी सूज वाढतेच आहे." चोळल्यामुळे आणि शेकामुळेच ती वाढलेली असते.

काही जण सहा महिन्यांनी येतात. त्यांची सूज केव्हाच उतरलेली असते, पण तोच पाय रस्त्यावरच्या खड्ड्यात, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पुन्हा पुन्हा दगा देतो. पहिल्या खेपेला उपचार अर्ध्यावर सुटलेला असतो.

पाय मुरगळतो तेव्हा तळवा आत वळतो आणि शरीराचा भार घोट्याच्या बाहेरच्या बाजूवर येतो. तिथे हाडाला हाड बांधून ठेवणारे तीन लिगामेंट आहेत. त्यातला सगळ्यात पुढचा सर्वांत आधी ताणला जातो किंवा फाटतो. त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, म्हणून सूज येते आणि दोन दिवसांनी काळंनिळं पडतं. "नस चढली" किंवा "हाड सरकलं" असं काही झालेलं नसतं, त्यामुळे ओढून, झटका देऊन "बसवायला" तिथे काही नसतं.

## आधीची तयारी

ट्रेकला जाणारे, खेळणारे किंवा घरात वयस्कर माणसं असणारे यांनी एवढं जवळ ठेवावं: १० सेंटीमीटर रुंदीचं क्रेप बँडेज, कागदी चिकटपट्टी, पॅरासिटामॉलच्या गोळ्या आणि फ्रीजरमध्ये बर्फाचा भरलेला ट्रे. बँडेजसोबत येणाऱ्या धातूच्या क्लिपा टोचतात आणि निसटतात, चिकटपट्टी बरी. दोन वर्षं ड्रॉवरमध्ये पडलेलं, ताण गेलेलं बँडेज टाकून द्या.

## टप्पा १: पहिली पाच मिनिटं

१. खेळ थांबवा, बसा. "अंग गरम आहे तोवर पळून घेतो" म्हणणाऱ्यांचा साधा ताण दुसऱ्या-तिसऱ्या पायरीची, म्हणजे लिगामेंट अर्धवट किंवा पूर्ण फाटल्याची, इजा होऊन बसतो.

२. पायातली जोडवी आणि पैंजण लगेच काढा. हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. अर्ध्या तासात बोटं सुजली की जोडवं निघत नाही, मग ते कापावं लागतं. अडकत असेल तर साबणाचं पाणी लावून फिरवत काढा.

३. घरी किंवा मैदानावर असाल तर बूट काढा. गडावर असाल आणि चालत उतरण्यावाचून इलाज नसेल, तर बूट पायातच ठेवून नाडी थोडी सैल करा. तो आधाराचं काम करतो, आणि एकदा काढला तर सुजलेला पाय परत आत जात नाही. बोटं बधिर किंवा गार पडली तर मात्र काढायलाच हवा.

४. पाय उंचावर ठेवा आणि पुढची तपासणी करा.

सावधान: घोटा वाकडा दिसतो आहे, हाड कातडीतून बाहेर आलं आहे, किंवा पाऊल पांढरं-गार पडलं आहे, तर पुढचं काही करू नका. आहे त्या स्थितीत दोन्ही बाजूंनी पुठ्ठा किंवा उशी लावून बांधा आणि सरळ हॉस्पिटल गाठा.

## टप्पा २: हाड मोडलंय का?

"बोटं हलतात म्हणजे हाड शाबूत आहे" हा समज चुकीचा आहे. मोडलेल्या घोट्याचीही बोटं हलतात. सूज किती आली यावरूनही काही ठरत नाही. जगभरचे डॉक्टर यासाठी जे नियम वापरतात ते कॅनडातल्या ओटावा शहरात तयार झाले, आणि घरीही त्यांच्यावरून बराच अंदाज येतो.

घोट्याच्या भागात दुखत असताना खालीलपैकी एक जरी गोष्ट असली, तर एक्स-रे काढायचा:

- इजा झाल्या झाल्या आणि आत्ताही, चार पावलं टाकता येत नाहीत. लंगडत टाकली तरी चालतील, पण त्या पायावर भार पडायला हवा.
- बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड, खालचे साधारण ६ सेंटीमीटर आणि टोक. बोटाने दाबल्यावर थेट हाडावर दुखतं.
- आतल्या घोट्याच्या हाडावर त्याच जागी दुखतं.

घोट्याऐवजी पावलाच्या मधल्या भागात दुखत असेल, तर आणखी दोन जागा दाबून बघा, तिथे हाडावर दुखलं तरी एक्स-रे काढायचा. पहिली, पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळी आणि टाच यांच्या साधारण मध्यावर लागणारा उंचवटा. दुसरी, आतल्या बाजूला कमानीच्या वर, घोट्याच्या पुढे हाताला लागणारं हाड. यातला करंगळीच्या बाजूचा उंचवटा नेहमी हुकतो. पाय मुरगळताना तो मोडू शकतो, आणि घोट्याच्या सुजेकडे सगळ्यांचं लक्ष असल्याने तिकडे बोट जातच नाही.

दाबताना घाई करू नका. लिगामेंट घोट्याच्या पुढे आणि खाली असतो, तिथे दुखणारच. प्रश्न हाडाच्या मागच्या कडेचा आहे. आधी चांगल्या पायावर ती कड शोधा, मग दुखऱ्या पायावर.

हे नियम सगळ्यांना लागू नाहीत. लहान मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते आणि ती लिगामेंटपेक्षा आधी तुटू शकते, त्यामुळे मूल पाय टेकवत नसेल तर डॉक्टरकडेच न्या. जुना मधुमेह असून तळव्याची संवेदना कमी झाली असेल तर दुखण्यावर विसंबू नका. अशा माणसाचा पाय न दुखता लाल, गरम आणि सुजलेला दिसला तर त्याच दिवशी दाखवा. दारू प्यायलेल्या माणसाचं "काही दुखत नाही" हेही धरायचं नाही.

आणखी एक तपासणी: मुरगळताना टाचेच्या वर मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं असेल, तर पालथं झोपा, पाऊल पलंगाबाहेर काढा आणि कुणाला तरी पोटरी दाबायला सांगा. चांगल्या पायाचं पाऊल खाली झुकतं. दुखऱ्या पायाचं हललंच नाही, तर पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी मोठी शीर तुटलेली असण्याची दाट शक्यता आहे. ही वेळ घरगुती उपायांची नाही.

## टप्पा ३: पहिले तीन दिवस

या तीन दिवसांत चार गोष्टी वर्ज्य: शेक, चोळणं, दारू आणि धावणं. चारही गोष्टींनी फुटलेल्या रक्तवाहिन्यांतला स्राव वाढतो.

आंबेहळद-तुरटीचा लेप लावू का, हा प्रश्न हमखास येतो. कातडी फाटलेली नसेल आणि लेप पूर्ण गार झालेला असेल तर लावा, माझी हरकत नाही. पण लावताना रगडायचं नाही, आणि वाळलेला लेप खरवडून काढायचा नाही. दुखण्यावरच्या जेलचंही तसंच, बोटाने नुसतं पसरायचं.

बर्फ. तो दुखणं कमी करतो. लिगामेंट सांधायचं काम तो करत नाही, म्हणून तासन् तास धरून बसू नका. बर्फाचे खडे ओल्या पंचात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दर दोन-तीन तासांनी, जागेपणी. थेट कातडीवर ठेवला तर कातडी जळते. पायाला बधिरपणा असलेल्या मधुमेहींनी बर्फही नको आणि शेकही नको.

उंची. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवला की झालं असं वाटतं, पण तेवढ्याने सूज फारशी उतरत नाही. आडवं व्हा, पोटरीखाली दोन उशा घ्या, घोटा छातीपेक्षा वर हवा. दिवसातून तीन-चार वेळा अर्धा तास.

बँडेज. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून एकेक पायरी सांगते.

१. आधी पाऊल नडगीशी काटकोनात आणा. खाली लोंबकळत्या पावलावर बांधलं तर घोटा त्याच स्थितीत आखडतो.

२. सुरुवात बोटांच्या मुळाशी, चवड्यावर. घोट्यापासून कधीच नाही. घोट्यापासून वर बांधलं की सूज खाली बोटांकडे ढकलली जाते, मी वर सांगितली ती टम्म बोटं अशीच तयार होतात.

३. चवड्याभोवती दोन वेढे. इजा बाहेरच्या बाजूला असेल तर पट्टी तळव्याखालून आतून बाहेर न्या आणि बाहेरच्या कडेने वर ओढा. त्यामुळे पावलाची बाहेरची कड उचलली जाते आणि फाटलेल्या लिगामेंटवरचा ताण हलका होतो. उलट्या दिशेने बांधलं तर तोच ताण वाढतो.

४. मग पावलाच्या वरून तिरकं घोट्याच्या मागे, तिथून पुन्हा तिरकं तळव्याखाली, असा इंग्रजी आठचा आकडा काढत राहा. दर वेढ्याने आधीचा निम्मा झाकला पाहिजे. टाचही झाका, नाहीतर तिथेच सूज गोळा होते.

५. पोटरी सुरू होते तिथे थांबा. बँडेज हलक्या हाताने ओढायचं, खाली किंचित जास्त ताण आणि वर जाताना कमी.

तपासा: अंगठ्याचं नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. बोटांना मुंग्या, निळेपणा, गारठा किंवा वाढता ठणका असेल तर लगेच सोडून पुन्हा बांधा. रात्री झोपताना काढून ठेवा.

गोळ्या. सुरुवातीला पॅरासिटामॉल पुरते. प्रौढ माणसाला ५०० मिलीग्रॅमची एक गोळी, लागली तर सहा-सहा तासांनी. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा आजार, पोटातला अल्सर, रक्त पातळ करणारं औषध किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. शेजाऱ्यांकडे उरलेली पट्टी हा काही सल्ला नव्हे.

तीन दिवस पूर्ण अंथरुणातही काढू नका. पहिल्याच दिवसापासून, दुखणार नाही इतपत, पाऊल वर-खाली हलवा. दर तासाला दहा वेळा. आत-बाहेर वळवणं मात्र अजून नाही.

## टप्पा ४: चौथ्या दिवसापासून चालणं

हाड शाबूत आहे हे ठरल्यावर भार टाकायला घाबरू नका. लिगामेंटचे नवे धागे योग्य दिशेने विणले जायला त्यांच्यावर थोडा थोडा ताण यावा लागतो. महिनाभर खाटेवर ठेवलेला पाय दुबळा होऊन उठतो.

काठी किंवा कुबडी विरुद्ध हातात धरा. उजवा घोटा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. जवळपास प्रत्येक जण उलटं करतो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. पावलं छोटी चालतील, पण टाच आधी टेकवून चवड्यावर येणं सोडू नका. पाऊल बाहेर फेकून लंगडण्याची सवय आठवड्यात लागते आणि मग गुडघा, कंबर कुरकुरायला लागते.

आपल्या घरांतल्या दोन गोष्टींबद्दल पुस्तकी सल्ल्यात काही सापडत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. पहिली, मांडी घालून बसणं. जमिनीवर मांडी घातली की पाऊल आत वळतं, खाली झुकतं आणि घोट्याची बाहेरची बाजू फरशीवर दाबली जाते. ज्या स्थितीत लिगामेंट फाटला तीच ही स्थिती. तीन आठवडे तरी जेवायला, पूजेला, भजनाला खुर्ची घ्या. माझ्याकडच्या एका आजींची सूज महिना झाला तरी हटत नव्हती, व्यायाम सगळे चोख. शेवटी कळलं की रोज सकाळी तासभर पोथी वाचायला त्या पाटावर मांडी घालून बसत होत्या. पाटाऐवजी खुर्ची आली आणि पंधरा दिवसांत घोट्याची हाडं दिसायला लागली. दुसरी, उकिडवं बसणं. भारतीय पद्धतीच्या संडासात घोटा पूर्ण दुमडावा लागतो. सुरुवातीचे दिवस कमोड किंवा कमोडची खुर्ची वापरा.

दुचाकीही दहा-पंधरा दिवस बाजूला ठेवा. डाव्या पायाने गिअर टाकणं आणि सिग्नलला एकदम पाय टेकवणं, दोन्ही धोक्याचं.

या टप्प्यातले व्यायाम:

१. अंगठ्याने हवेत बाराखडी काढा. एका बैठकीला 'क' ते 'कः', दिवसातून तीनदा. दुखलं तर अक्षर लहान काढा.

२. पाय पसरून बसा, चवड्याला टॉवेल अडकवून पाऊल स्वतःकडे ओढा. ३० सेकंद धरा, तीन वेळा.

३. ओट्याला धरून दोन्ही टाचा उचला, हळू खाली आणा. दहा वेळा.

व्यायामानंतर सूज किंचित वाढून रात्रीत उतरली तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळीही कालच्यापेक्षा जास्त असेल, तर मात्रा निम्मी करा. पूर्ण बंद करू नका.

## टप्पा ५: ताकद आणि तोल

लोक सोडतात तो हाच टप्पा. मीही सोडला होता. कॉलेजात खो-खो खेळायचे. खांबाशी वळताना पाय मुरगळला, आजीने मिठाच्या पाण्याने शेकला, गल्लीतल्या एका मालिशवाल्या काकांनी अंगठ्याने दाबून दाबून डोळ्यांतून पाणी काढलं. पंधरा दिवसांनी सूज गेली आणि मी मैदानावर. त्या मोसमात तोच पाय आणखी तीनदा गेला. लिगामेंटमध्ये पावलाची स्थिती मेंदूला कळवणाऱ्या नसांची टोकं असतात, आणि फाटण्यात तीही जखमी होतात, हे मला पुढे शिकताना कळलं. पाय वाकडा पडतोय ही खबर उशिरा पोहोचते, स्नायू सावरायच्या आत घोटा वळलेला असतो. ही खबर पुन्हा वेळेवर पोहोचायला हवी असेल तर तोलाचे व्यायाम करावेच लागतात. गोळी, लेप, पट्टा यांतलं काहीच ते करून देत नाही.

सुरुवात साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, लंगडणं थांबल्यावर.

१. रबर. व्यायामाची रबरी पट्टी किंवा सायकलची जुनी ट्यूब टेबलाच्या पायाला बांधा, चवड्याला अडकवा आणि पाऊल बाहेरच्या दिशेने ओढा. गुडघा हलता कामा नये. परत येताना पट्टीला पाऊल खेचू देऊ नका, तीन आकडे मोजत हळू आणा. १० ते १५ वेळा, तीन फेऱ्या.

२. एका पायावर. ओट्याजवळ, अनवाणी, दुखऱ्या पायावर उभं राहा. हात ओट्याच्या वर, न टेकवता. ३० सेकंद जमले की डोळे मिटून, तेही जमलं की घडी घातलेल्या गोधडीवर. पुढे त्याच स्थितीत भिंतीवर चेंडू मारून झेला. चहा उकळेपर्यंत एक फेरी, दात घासताना दुसरी. वेगळा वेळ काढायची गरज नाही.

३. एका पायावर टाच उचलणं. दोन्ही पायांवर २५ सहज झाल्यावरच.

सावधान: वयस्करांनी डोळे मिटून तोल साधण्याचा व्यायाम कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना भिंत असताना आणि कुणी जवळ असतानाच करावा.

## टप्पा ६: मैदानावर, गडावर परत

सौम्य ताण असेल तर एक ते तीन आठवडे, अर्धवट फाटला असेल तर तीन ते सहा, पूर्ण फाटला असेल तर तीन महिन्यांपर्यंत लागू शकतात. पण तारखेपेक्षा चाचण्यांवर विश्वास ठेवा:

- भिंतीसमोर उभं राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. अंगठा भिंतीपासून जास्तीत जास्त किती लांब नेता येतो ते पट्टीने मोजा. दोन्ही पायांत एक-दीड सेंटीमीटरहून जास्त फरक नको.
- एका पायावर टाच उचलणं दोन्ही पायांनी जवळपास सारखं.
- एका पायावर डावी-उजवीकडे दहा उड्या, न दुखता आणि न बिचकता.
- आठच्या आकड्यात धावणं, आधी मोठा आठ, मग लहान.

एकही चाचणी चुकली तर टप्पा ५ वर परत या. सगळ्या जमल्या तरी पहिले सहा महिने खेळताना किंवा ट्रेकला नाडीचा घोट्याचा पट्टा वापरा. ज्यांचा पाय आधी मुरगळला आहे त्यांना त्याचा चांगला उपयोग होतो. दिवसभर घरात घालून बसू नका. गडावर पहिल्यांदा जाताना घसाऱ्याची उतरण टाळा. पाय चढताना क्वचित मुरगळतो, उतरताना दमलेल्या पायाने मुरगळतो.

## पुन्हा डॉक्टरांकडे कधी

पाच-सात दिवसांनीही भार टाकता येत नसेल तर पहिला एक्स-रे नॉर्मल असला तरी परत जा. घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांमध्ये दुखत असेल आणि पाऊल बाहेर वळवल्यावर कळ येत असेल, तर इजा वरच्या लिगामेंटची असू शकते. तिला जास्त वेळ आणि वेगळी काळजी लागते. प्लास्टरमध्ये असताना किंवा बरेच दिवस झोपून असताना पोटरी सुजून दुखू लागली तर रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट तातडीच्या विभागात.

लिगामेंट पूर्ण फाटला म्हणजे ऑपरेशन, असं नाही. थोडे दिवस प्लास्टर किंवा घोटा धरून ठेवणारा आधाराचा बूट आणि नंतर हेच व्यायाम, एवढ्यावर बहुतेक घोटे सुधारतात. ऑपरेशनचा विचार येतो तो काही महिने मन लावून व्यायाम करूनही घोटा सतत निसटत राहिला तर. सहा-आठ आठवड्यांनंतरही आत खोल दुखत असेल किंवा सांधा अडकल्यासारखा वाटत असेल तर एमआरआयबद्दल विचारा. जाताना किती दिवस कोणते व्यायाम केले ते एका कागदावर लिहून न्या. डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो, आणि बहुतेकांना तिथे आठवत नाही.